डिकम्पायलेशनमध्ये संशोधन करण्यासारखं काही उरलंय का?

चिवट_चिकू

नमस्कार मंडळी. पुण्यात एमटेक करतोय, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी डिकम्पायलेशन घ्यायचं डोक्यात आहे, म्हणजे कंपाइल झालेल्या बायनरीवरून (यंत्राला चालवता येणाऱ्या फायलीवरून) माणसाला वाचता येईल असा सी कोड परत मिळवणं. आमचे गाइड म्हणाले, "डिकम्पायलर म्हणून घिड्रा फुकट मिळतं, हेक्स-रेज आहे, आणि आता असेंब्ली (यंत्राच्या आज्ञांची यादी) चॅटबॉटला चिकटवली की तो सी लिहून देतो. तू त्यात नवं काय करणार?" माझी बोलती बंद.

पण पेपर चाळायला बसलो तर वेगळंच दिसतंय. सेलर, व्हारबर्ट, डीजीपीटी, एलएलएमफोरडिकम्पाइल ही सगळी कामं २०२४ या एकाच वर्षातली. मग विषय संपलाय की आत्ता कुठे पेटलाय? इथे रिव्हर्सिंगवर (बायनरी उलगडण्यावर) पोट भरणारे बरेच जण आहेत. खरं काय ते सांगा.

शून्य_पॉइंटर

पहिला! वाचनखूण साठवली. खुर्ची ओढून बसलोय.

रात्रपाळी

तुमचे गाइड अर्धे बरोबर आहेत. कोणता अर्धा ते सांगतो.

माझं काम मालवेअर बघण्याचं. हल्ली रोजचा रतीब म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी 'आरटीओ चलान' नावाची एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल). ती जेडीएक्स या अँड्रॉइड डिकम्पायलरमध्ये टाकली की बहुतेक वेळा चहा गार व्हायच्या आत कळतं की एसएमएस वाचून कुठे पाठवतेय. कारण अँड्रॉइडच्या बाइटकोडमध्ये क्लास, मेथड, टाइप हे सगळं शाबूत असतं. आरएट हे साधन लावून नावांचं ए, बी, सी केलेलं असलं तरी सांगाडा जागेवर असतो. जावा आणि डॉटनेटचं असंच. तिथे नवीन संशोधनाला जागा कमी, हे मान्य.

पण चोरानं तोच उद्योग सी++ मध्ये लिहून एसओ फायलीत (मशीन कोडच्या लायब्ररीत) घातला की आमचा आठवडा गेला. तिथे टाइप नाहीत, नावं नाहीत, स्ट्रक्चर नाहीत. घिड्रा तुम्हाला 'फन_००४०१०००' नावाचं फंक्शन देतं, आत 'आयव्हार१', 'लोकल_१८' आणि टाइपच्या जागी 'अनडिफाइन्ड४'. काढा अर्थ.

मधुरा_ताई

माझ्यासारख्या बाहेरच्यांसाठी कुणी समजावेल का? प्रोग्राम यंत्राच्या भाषेत गेला तर तो उलटा का आणता येत नाही? दोन्ही बाजूंना नियमच आहेत ना?

खडूस_कंपायलर

मधुरा_ताई, तयार चकली खाऊन भाजणीत कुठली डाळ किती होती ते सांगा, असं विचारण्यासारखं आहे. साधारण अंदाज येतो, पण वेगवेगळ्या भाजण्यांची चकली सारखीच लागू शकते. कंपायलरही तसाच: अनेक वेगवेगळे सोर्स एकाच मशीन कोडला पोचतात. नावं आणि कॉमेंट्स तर तो फेकूनच देतो, प्रोसेसरला त्यांचं काय?

शिवाय तो हुशारी करतो. उदाहरण देतो. ३२ बिटी अनसाइन्ड संख्येला १० ने भागा असं तुम्ही लिहिता. भागाकार महाग, म्हणून कंपायलर त्या संख्येला ३४३५९७३८३७ ने गुणतो आणि ३५ बिट उजवीकडे सरकवतो. उत्तर तेच येतं, कारण २ चा ३५ वा घात भागिले १० म्हणजे जवळजवळ हीच संख्या. आता असेंब्लीत हा दहा आकडी राक्षस बघून 'अरे, हे तर १० ने भागणं' असं डिकम्पायलरला ओळखता आलं पाहिजे. चांगले डिकम्पायलर हे ओळखतात. पण अशा क्लृप्त्या भरपूर आहेत, आणि कंपायलरच्या दर आवृत्तीबरोबर वाढतात.

आता मूळ प्रश्न. तिथे जायला थोडा इतिहास लागेल.

प्रोसेसरला इफ, व्हाइल, फॉर काही कळत नाही, त्याला फक्त उड्या कळतात. त्या उड्यांच्या जाळ्यातून परत इफ आणि व्हाइल उभे करणं याला स्ट्रक्चरिंग म्हणतात आणि या क्षेत्रातलं जुनं भांडण तेच आहे. क्रिस्टिना सिफुएन्टेस यांचा १९९४ चा प्रबंध हा त्याचा पाया. पद्धत अशी की जाळ्यात ओळखीचे आकार शोधायचे, हा इफ-एल्स, हा लूप, आणि सापडला की तो तुकडा मिटून एक ठिपका करायचा. असं मिटत मिटत जायचं. जिथे कुठलाच आकार बसत नाही तिथे नाइलाजानं गोटू, म्हणजे 'थेट अमुक ओळीवर जा' अशी उघडी उडी, टाकायचा.

२०१३ मध्ये कार्नेगी मेलनच्या फिनिक्स या डिकम्पायलरनं आग्रह धरला की नुसतं वाचनीय नको, अर्थही बदलता कामा नये. २०१५ मध्ये जर्मनीतून ड्रीम नावाचा डिकम्पायलर आला. पेपरच्या नावातच घोषणा: यापुढे गोटू नाहीत! खरंच एकही गोटू नाही. प्रत्येक तुकड्यापर्यंत पोचायची अट काढायची आणि तेवढ्यावर इफ बांधायचे. दिसायला देखणं. पण आतल्या अटी इतक्या लांबलचक होतात की मूळ प्रोग्रामरनं असं काही लिहिलं असेल यावर विश्वास बसत नाही.

मग २०२४ चा सेलर, अ‍ॅरिझोना स्टेटच्या मंडळींचा, अँगर या बायनरी विश्लेषणाच्या खुल्या साधनावर बांधलेला. त्यांनी प्रश्नच बदलला. गोटू आला कुठून? बरेचसे गोटू कंपायलरच्या ऑप्टिमायझेशननं पेरलेले असतात. दोन फांद्यांच्या शेवटी सारखा कोड दिसला की तो एकच प्रत ठेवतो आणि दुसरीकडून उडी मारतो. किंवा एखाद्या अटीचा निकाल आधीच ठरलेला दिसला की मधला टप्पा गाळून थेट पुढे उडी मारतो. सेलर ही ऑप्टिमायझेशन्स ओळखून उलटी फिरवतो आणि जे गोटू प्रोग्रामरनंच लिहिले असावेत ते तसेच ठेवतो. मोजमापही बदललं: गोटू किती उरले यापेक्षा मूळ सोर्सच्या रचनेपासून आपण किती लांब आहोत, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझ्या मते गेल्या १० वर्षांतली सर्वांत मोठी उडी हीच. एआय नव्हे.

शून्य_पॉइंटर

गोटूच्या धाग्यावर 'उडी' शब्द आपसूक आलाय की कंपायलरनं पेरलाय?

ब्रिस्बेनकर

आमच्या गावाचा विषय निघाला म्हणून डोकावलो. सिफुएन्टेस बाईंचा तो प्रबंध इथलाच, क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीचा. त्यांचा डीसीसी हा डिकम्पायलर ८०२८६ प्रोसेसरसाठीच्या डॉस प्रोग्रामवर चालायचा. पुढे शेजारच्या क्वीन्सलँड विद्यापीठातून माइक व्हॅन एमरिक यांचा २००७ चा प्रबंध आला, बूमरँग या डिकम्पायलरच्या कामाशी जोडलेला. त्याच वर्षी बेल्जियमहून हेक्स-रेजचा डिकम्पायलर बाजारात आला. घिड्रा तर अमेरिकेच्या एनएसएनं मार्च २०१९ मध्ये खुलं केलं. म्हणजे बराच काळ चांगला डिकम्पायलर हवा तर पैसे मोजा, नाहीतर असेंब्ली वाचत बसा, अशी गत होती. विद्यार्थ्यांना फुकट, खुलं, बदलता येणारं साधन हाती आल्यावरच पेपरांचा पूर आला असं मला वाटतं.

आजोबा_कोबोल

खडूस, छान लिहिलंत. मात्र १९६८ साली डाइक्स्ट्रांनी गोटूविरुद्ध पत्र लिहिल्यापासून आम्ही त्याच्या नावानं बोटं मोडलेली ऐकतोय, आणि पोट मात्र गोटूनं भरलेल्या कोबोलवरच चाललं. वायटूकेच्या वेळी एका परदेशी गिऱ्हाइकाकडे गेलो तर सोर्स एक सांगतोय आणि मशीनवर चालणारा प्रोग्राम भलतंच करतोय. मधे कुणीतरी बदल करून सोर्स हरवला होता. तेव्हा डंप कागदावर छापून पेन्सिलनं खुणा करत तारखेची फील्ड शोधली. कोड देखणा असण्याची आम्हाला काय मातब्बरी? जे मशीनवर चालतंय *तेच* समोर हवं होतं.

म्हणून विचारतो: तुमचे हे नवे पेपर देखणेपणाच्या मागे आहेत की खरेपणाच्या?

अर्धविराम

आजोबा, दोन्ही हवं. पण खडूस यांनी एआयला एका वाक्यात निकालात काढलं ते पटलं नाही. (मी बंगळूरला मशीन लर्निंगमध्ये आहे, तेव्हा पक्षपात गृहीत धरा.)

स्ट्रक्चरिंग कितीही सुधारलं तरी 'आयव्हार१' चा 'एकूण' किंवा 'लांबी' होत नाही. ती माहिती बायनरीत नसतेच. तिचा अंदाज करायचा तर लाखो प्रोग्राम वाचलेलं काहीतरी हवं. २०१९ चा डायर, २०२२ चा डर्टी (नावांबरोबर टाइपही सांगणारा), २०२४ चा व्हारबर्ट ही सगळी त्याच वाटेवरची. आणि एलएलएमफोरडिकम्पाइलनं तर १.३ अब्ज ते ३३ अब्ज पॅरामीटरची मॉडेल खुली करून टाकली. त्यांची एक तऱ्हा असेंब्लीवरून थेट सी लिहिते, दुसरी घिड्राचं आउटपुट घेऊन ते सुधारते. मोजमापही चांगलं आहे: तयार झालेला सी पुन्हा कंपाइल करायचा आणि मूळ चाचण्या पास होतात का ते बघायचं. आजोबांना हवा तो खरेपणाच की!

खडूस_कंपायलर

नाही हो, तिथेच तर मेख आहे. ती चाचणी ज्या ह्यूमनइव्हल या प्रश्नसंचावर होते त्यातली फंक्शन्स कशी आहेत? छोटी, सुटी, स्वतःपुरती. लिस्टमधला सर्वांत मोठा आकडा शोधा, शब्द उलटा करा. खऱ्या बायनरीतलं फंक्शन ग्लोबल स्ट्रक्चरमध्ये हात घालतं, फंक्शन पॉइंटरमधून कुठेतरी जातं, आणि त्याला चाचण्या कुणीही लिहून ठेवलेल्या नसतात. चार चाचण्या पास म्हणजे समान अर्थ, असं होत नाही.

वर दिलेल्या १० च्या भागाकाराचा मी प्रयोग केला होता. त्या मोठ्या संख्येतला एक आकडा मुद्दाम बदलला आणि असेंब्ली एका मॉडेलला दिली. त्यानं न बिचकता १० नेच भागलं! ओळखीची वाट दिसली, की पाय तिकडेच वळले. घिड्रानं कुरूप गुणाकार आणि शिफ्ट तसाच छापला. मला तो कुरूपपणा चालेल.

रात्रपाळी

+१. आमच्या कामात चुकीचं नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट. 'फन_००४०१०००' बघून मी सावध असतो. त्याच्या जागी मॉडेलनं 'लॉग_लिही' असं नाव दिलं तर मी ते उघडणारच नाही, आणि नेमकं तिथेच किल्ली बाहेर पाठवली जात असेल तर?

तरी मी रोज वापरतो, खोटं का बोलू. २०२५ पासून घिड्राला भाषा मॉडेल जोडायची साधनं आली आहेत, मॉडेल स्वतःच फंक्शन उघडतं, नावं बदलतं, पुढच्या कॉलकडे जातं. हजारो फंक्शनांतून आधी कुठली बघायची एवढं त्यानं सांगितलं तरी निम्मी रात्र वाचते. अहवालात मात्र मी स्वतः वाचलेलंच लिहितो.

तिरफळ

खरेपणाबद्दल भांडताय आणि गेमवाल्यांना कुणी बोलावलंच नाही? थांबा, मी आले.

सुपर मारिओ ६४ हा १९९६ चा गेम. हौशी लोकांनी तो पूर्ण सीमध्ये परत आणला, २०१९ मध्ये. त्यांचा नियम भयंकर साधा: तुम्ही लिहिलेला सी त्या काळच्याच कंपायलरमधून काढायचा आणि निघणारा प्रत्येक बाइट मूळ कार्ट्रिजशी जुळला पाहिजे. एक बाइट चुकला तर काम अपूर्ण. मारिओच्या बाबतीत नशीब असं की अमेरिकेतली आवृत्ती ऑप्टिमायझेशन न लावताच कंपाइल झाली होती, त्यामुळे कोड बराच सरळ होता. झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइमला मात्र ऑप्टिमायझेशन होतं. ते काम नोव्हेंबर २०२१ मध्ये पुरं झालं. मी स्वतः एका दुसऱ्या गेमच्या फंक्शनांवर पणजीत बसून रात्री घालवल्यात. सगळं जुळतं आणि दोन रजिस्टरांची अदलाबदल राहते. मग व्हेरिएबल जाहीर करायचा क्रम बदला, बेरीज उलटी लिहा, देवाला नारळ बोला. डिकॉम्प डॉट मी नावाच्या साइटवर असं अडलेलं फंक्शन टाकता येतं आणि जगभरातले रिकामटेकडे त्यावर तुटून पडतात. हलके घ्या, मीही त्यातलीच.

तेव्हा अर्धविराम, मॉडेलला चाचण्यांऐवजी हा निकष लावा. बाइट जुळले तर मुजरा.

खडूस_कंपायलर

तिरफळ, निकष उत्तम, पण तुम्हाला मूळ कंपायलर ठाऊक असतो आणि मिळतोही. मालवेअरवाल्याला तो कुठून मिळणार? आणि बाइट जुळले म्हणजे अर्थ जुळला एवढंच सिद्ध होतं, नावं तिथेही माणसांनी अंदाजानंच दिलीत.

तिरफळ

हो, पण निदान अंदाज कुठला आणि पुरावा कुठला ते वेगळं राहतं ना? माझा मुद्दा तेवढाच.

चाकणकर

अवांतर. आमच्या कारखान्यात एका टेस्टिंग मशीनचं सॉफ्टवेअर डेल्फीत लिहिलेलं, ज्यानं लिहिलं तो माणूस धंदा बंद करून गेला. पीसी जुना झाला, नव्यावर चालेना. भाच्यानं आयडीआर नावाचं डेल्फीचं हत्यार लावलं. डेल्फीच्या एक्झीमध्ये स्क्रीनवरचे फॉर्म आणि बटणांची नावं जशीच्या तशी असतात, त्यामुळे 'चाचणी सुरू' च्या बटणामागचं फंक्शन लगेच सापडलं. तिथून सीरियल पोर्टवर मशीनला काय पाठवतात ते काढलं आणि नवीन प्रोग्राम लिहिला. आख्खा सोर्स काढायची गरजच पडली नाही.

आता साहेब लोक विचारतात, हे कायदेशीर आहे का? कुणाला माहीत आहे?

कलम_बहाद्दर

सल्ला नाही, माहिती. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, १९५७ च्या, कलम ५२(१) मध्ये १९९९ च्या दुरुस्तीनं एबी, एसी, एडी ही उपकलमं आली. कायदेशीररीत्या प्रोग्राम बाळगणाऱ्यानं, दुसऱ्या स्वतंत्रपणे बनवलेल्या प्रोग्रामशी तो जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढली, आणि ती माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर ते उल्लंघन ठरत नाही. प्रोग्राम कसा चालतो याचं निरीक्षण आणि अभ्यास करण्यालाही मुभा आहे. तुमचं प्रकरण याच्या जवळचं वाटतं, पण परवाना करारात काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा.

युरोपच्या न्यायालयानं टॉप सिस्टिम खटल्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये चूक दुरुस्त करण्यासाठी डिकम्पाइल करण्याचा कायदेशीर खरेदीदाराचा हक्क मान्य केला. अमेरिकेत १९९२ चा सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड हा जुना दाखला. तिरफळ यांच्या गेमांचं मात्र वेगळं, तिथे काढलेला कोड *प्रसिद्ध* केला जातो. जीटीए थ्रीच्या अशाच प्रकल्पाला टेक-टू या गेम कंपनीनं २०२१ मध्ये कोर्टात खेचलं होतं.

शून्य_पॉइंटर

धागा एमटेकवरून कोर्टात. आता फक्त पाककृती राहिली. ती चकलीची भाजणी द्या कुणीतरी.

चिवट_चिकू

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. आजोबांचा प्रश्न आणि खडूस यांचा आकडा बदलण्याचा प्रयोग दोन्ही गाइडना दाखवले. या वेळी ते लगेच नाही म्हणाले नाहीत, "असे प्रयोग पद्धतशीर करता येतील का बघ" म्हणाले. माझ्या डोक्यात असं आहे: डिकम्पायलरचं आउटपुट आणि मॉडेलनं सुधारलेलं आउटपुट यांत अर्थ कुठे बदलला ते फंक्शनवार शोधून दाखवणं. जमेल का? की रस्ट, गो घेऊ? तिथे अजून कोरं रान आहे म्हणतात.

खडूस_कंपायलर

पहिलं घ्या. दोन फंक्शन्स समान आहेत का हे सर्वसाधारणपणे ठरवणं अशक्यच आहे, तो जुना सिद्धान्त. म्हणून 'सिद्ध करतो' असं लिहू नका, 'फरक शोधतो' असं लिहा. लूप नसलेल्या तुकड्यांसाठी सिम्बॉलिक एक्झिक्यूशन (आकड्यांऐवजी चिन्हं घालून कोड चालवणं) आणि एसएमटी सॉल्व्हर (त्यातून निघणाऱ्या अटी सोडवणारं साधन), बाकीच्यांसाठी यादृच्छिक इनपुट देऊन दोन्ही चालवणं. अँगरमध्ये यातलं बरंच तयार मिळेल. आणि डेटाफ्लो विश्लेषण (प्रोग्राममध्ये किमती कुठून कुठे जातात त्याचा अभ्यास) कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा. आयआयटी मुंबईच्या उदय खेडकरांचं त्या विषयावरचं पुस्तक आहे, ते धरा.

रस्टचं रान कोरं आहे कारण तिथे काटे फार. एकच जेनेरिक फंक्शन प्रत्येक टाइपसाठी वेगळं छापलं जातं आणि सीमध्ये दाखवलं की कुणालाच कळत नाही. एका वर्षाच्या प्रबंधाला नको.

रात्रपाळी

गोचं तसं नाही. गोच्या बायनरीत पीसीएलएनटॅब नावाचा तक्ता असतो, सिम्बॉल काढून टाकले तरी त्यातून फंक्शनांची नावं मिळतात. रस्टमध्ये पॅनिकच्या मजकुरात सोर्स फायलींचे पत्ते सापडतात, तेवढाच आधार. पण खडूस म्हणतात तेच करा. असं हत्यार मिळालं तर मी उद्या वापरीन.

अर्धविराम

मीही मदत करतो, कोडसाठी निरोप टाका. सुरुवातीला डॉगबोल्ट बघून घ्या, एकच छोटी बायनरी तिथे टाकली की अनेक डिकम्पायलरांचं आउटपुट शेजारी शेजारी दिसतं. त्यावरूनच कळेल कुठली फंक्शन्स भांडणाला योग्य आहेत.

डेटाबद्दल एक सांगतो, नंतर रडू नका. डेबियन या लिनक्सची सी पॅकेजेस घ्या, डीबग माहितीसकट मिळतात, म्हणजे खरी नावं आणि टाइप हाताशी. पण खुल्या प्रकल्पांत एकच फंक्शन दहा ठिकाणी चिकटवलेलं असतं. ट्रेनिंग आणि चाचणी वेगळी करताना फायलींप्रमाणे न करता प्रकल्पाप्रमाणे करा, आणि आधी सारखी फंक्शन्स गाळा. नाहीतर मॉडेलनं पाठ केलेलं उत्तर तुम्ही अक्कल म्हणून मोजाल.

चिवट_चिकू

झिपसारखी लायब्ररी जर दोन पॅकेजांनी स्वतःत कॉपी करून ठेवली असेल तर प्रकल्पाप्रमाणे वेगळं करूनही ती दोन्हीकडे येणारच ना?

अर्धविराम

येणारच. म्हणून गाळणी सोर्सवर नको, नॉर्मलाइज केलेल्या असेंब्लीवर लावा: पत्ते आणि आकडे पुसा, मग हॅश (कोडचा ठसा) काढा. तरीही ऑप्टिमायझेशनच्या वेगळ्या पातळीवर कंपाइल झालेली प्रत सुटेल, ती फंक्शनच्या मूळ नावावरून पकडा.